मातृभाषा 'शिव्या' असणाऱ्या आमच्या विनोदवीरास

पिरनवाडी, ता. बेळगाव



जांबोटीचा रस्ता फुटतो त्या चौकात, चहाच्या गाड्यावर, तुमचा किस्सा परवा पुन्हा ऐकायला मिळाला. फेब्रुवारी २०११. दारात जनगणनेच्या बाई, मांडीवर तो भलामोठा छापील तक्ता, आणि चौकटीला टेकून तुम्ही. धर्म? "क्रिकेट." मातृभाषा? "शिव्या." कामधंदा? "महाराष्ट्रात जायची वाट बघतोय." इतकी वर्षं झाली, पण अजून पहिली टाळी तुमचीच पडते आणि चहाचे पैसे दुसराच देतो.

तिसऱ्या उत्तराला मी हसलो, खोटं कशाला बोलू? बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं त्या १९५६ पासून हा धंदा इथे घरोघरी चालतो. आज्याने केला, बापाने केला. पगार नाही, पेन्शन नाही, रविवारची सुट्टीही नाही. अडचण एवढीच की काम न करणाऱ्यांसाठी त्या तक्त्यात विद्यार्थी, घरकाम करणारे, पेन्शनर असे वेगवेगळे खण होते. भिकाऱ्यांनाही खण होता. वाट बघणाऱ्यांना नव्हता. तुम्हाला कुठे बसवलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मातृभाषेचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. "बाई गपगुमान लिहून गेल्या की!" हे तुम्ही फार कौतुकाने सांगता. अहो, त्यांना सूचनाच तशी होती. माणूस सांगेल ती भाषा जशीच्या तशी लिहायची, हुज्जत घालायची नाही. गणकाने आपल्या मर्जीने कुणाच्या मराठीचं कन्नड किंवा कन्नडचं मराठी करू नये, यासाठी हे कुंपण आहे. सीमाभागात त्याची किंमत काय, हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही त्याचा उपयोग शिव्या नोंदवायला केलात.

पुढचंही सांगतो, कारण किस्सा तुम्ही उंबऱ्यावरच संपवता. त्या वर्षी देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं गोळा झाली. भाषातज्ज्ञांनी ती निवडून-पाखडून १,३६९ वर आणली. आणखी १,४७४ नावं कशातच बसेनात, ती 'इतर'मध्ये टाकली. तुमच्या शिव्यांची मजल फार तर तिथवर. मराठीच्या खात्यावर ८ कोटी ३० लाख माणसं लागली, त्यांत तुम्ही नाही. पाटीवर मराठी नाही म्हणून चौकात सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस सरकारदरबारी 'इतर'!

राज्याची सीमा ठरवायचं पाटसकर सूत्र तर तुम्हाला तोंडपाठ आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. ८६५ गावं महाराष्ट्रात घ्या, ही मागणी त्याच्यावर उभी. पण खेड्याची भाषा ठरते कशावरून? मोर्चातल्या घोषणेवरून नाही, राव. बाईंच्या त्या रकान्यावरून. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण मानत नाही, पण त्याच्यापुढचं भांडणही जनगणनेच्या आकड्यांवरच झालं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे तुमचा चौकातला आवाज ऐकू जात नाही. तो वाद राहू द्या. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे कागदपत्रं त्यांच्या भाषेतही द्या, असं निवेदन घेऊन आपण कचेरीची पायरी चढतो, तेव्हा हातात टक्क्याशिवाय दुसरं असतं काय?

खोटी मातृभाषा लिहून देणारे तुम्हीच पहिले नाही. १९५१ ला पंजाबात असंख्य पंजाबी बोलणाऱ्यांनी ईर्षेने हिंदी लिहून दिलं. घोळ इतका झाला की सरकारने तिथे हिंदी आणि पंजाबीचे आकडे वेगळे काढायचंच सोडलं. त्यांच्या खोट्यामागे निदान राजकारण होतं. तुमच्या खोट्यामागे चहा. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ ला सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्म म्हणून स्टार वॉर्समधले 'जेडाय' लिहिले. त्यांना शेवटी 'धर्म नाही'मध्ये धरलं आणि ते आपापल्या कामाला लागले. त्यांना परवडलं. त्यांच्या गावाचं राज्य कोणतं, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

उलट्या टोकाचे वीरही आपल्याकडे आहेत, त्यांनाही याच पाकिटात घेतो. गोकाककडची सून आणली, तिची मातृभाषाही 'मराठीच लावा' म्हणून आतून ओरडणारे. तिची आई तिच्याशी कन्नडमध्ये बोलली. तिच्यापुढे कन्नडच लिहायचं. आपला आकडा खरा हवा असेल तर तिचाही खराच लागतो.

आता फेब्रुवारी २०२७ ची मोजणी येते आहे. या खेपेला मोबाइलवर आपली माहिती आपणच भरायची सोय आहे, म्हणजे तुम्हाला मैदान मोकळं. खोटं सांगितल्यास हजार रुपयांपर्यंत दंड, असं १९४८ चा कायदा म्हणतो, पण तुमच्यासारख्या कलावंताला त्याची काय भीती! तेव्हा एकच विनंती. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. 'शिव्या' लिहिण्याआधी घरात जाऊन आईला विचारून घ्या. जमल्यास आम्हाला अगोदर कळवा, गाड्यावरचे सगळे ऐकायला येऊ.

आणि शिव्या लिहायच्याच असतील, तर मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतात. तुमचं तिथलं प्रावीण्य अख्खा चौक लिहून देईल.

आपला,
'इतर'मध्ये न मोडणारा एक पिरनवाडीकर