तात्यांची दस्ती

तीर्थरूप तात्या यांस,


आपल्या दोघांच्या दारांत सात-आठ पावलांचं अंतर. तरी हे पत्र उघडं लिहितोय, कारण तोंडी सांगून झालं, तेही तीनदा. पहिल्यांदा तुम्ही ‘बरं बरं’ म्हणालात. दुसऱ्यांदा ‘कामून वो गुरुजी, धूळ काय ठिवायची चीज हाय का?’ असं मलाच विचारलंत. तिसऱ्यांदा मी बोलत होतो आणि तुम्ही ऐकता ऐकता बॉनेट पुसून घेतलंत.

गाडी माझी, हप्ते माझे, सेवा तुमची. रोज सकाळी मी चूळ भरायच्या आत तुम्ही खांद्यावरची दस्ती काढता, दोनदा झटकता आणि टपापासून डिक्कीपर्यंत गाडी खसाखसा पुसून काढता. मग हाक येते, ‘बगा गुरुजी, आरशागत केली!’ केली खरी. फक्त आरशात नुसतं तोंड दिसतं, हिच्यात तोंडाभोवती कोळ्याचं जाळंही दिसतं.

त्या दस्तीबद्दल मला नितांत आदर आहे. तिनं तुमचा घाम टिपलाय, एसटी स्टँडचं बाकडं झाडलंय, बशीतून सांडलेला चहा पुसलाय, शेतातली बोरं बांधून आणलीत. एवढा अनुभव गाठीशी असलेली दस्ती रोज माझ्या गाडीच्या अंगावरून फिरते, हे गाडीचं भाग्य. काळा रंग घेताना दुकानदारानं बजावलं होतं की काळ्यावर सगळं दिसतं. मी म्हटलं दिसू दे, आपल्या जिल्ह्यात काळ्या गाडीला टोलनाक्यावर जरा मान असतो. मान एकदाही मिळाला नाही. दिसायचं ते मात्र सगळं दिसलं.

आता आपल्याकडची धूळ कोणत्या जिनसेची असते, हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. तुमची निम्मी हयात वीटभट्टीवर गेली. राख चिमटीत धरून, बोटांत चोळून ‘ही बारीक’, ‘हिच्यात खर लई’ असा निवाडा तुम्ही डोळे झाकून द्यायचात. १९७१ पासून परळीत विजेसाठी कोळसा जळतोय. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. शंभर पोती जाळा, तीस-चाळीस पोती परत पदरात. ती टाकायची कुठं? १९९९ साली केंद्र सरकारनं नियम काढला, की अशा वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा पाडणाऱ्यानं मातीत किमान २५ टक्के राख मिसळायचीच. पुढं हे अंतर वाढतच गेलं, पण आपलं सिरसाळा पहिल्या ५० मध्येच आरामात बसलं होतं. म्हणजे राख येणार, ती टिपरमधून येणार, आणि टिपरवरची ताडपत्री ताडपत्री असल्याचं नाटक तेवढं करणार. नियम मोडला तरी धूळ, पाळला तरी धूळ. माझी त्याबद्दल तक्रार नाही. धूळ गाडीवर नुसती बसते, बिचारी काही करत नाही. जे काही होतं ते दस्ती आल्यावर होतं.

कारण त्या राखेत सिलिका असते आणि सिलिकेत गारगोटी. मोहस् नावाच्या एका जर्मन पंडितानं १८१२ च्या सुमारास खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची उतरंड लावून ठेवली आहे. आपलं नख तिच्यात अडीचाच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचाच्या, आणि गारगोटी सातवर. राखेवर अन्याय नको म्हणून सांगतो, तिचे बरेचसे कण काचेच्या मण्यांसारखे गोल असतात. पण गोलांच्या संगतीनं धारेचेही येतात, आणि वरून खडी क्रशरची भुकटी आहेच. आपल्या काळ्या मातीचा चिकट भाग मऊ, तो कुणाला दुखवत नाही. पण जिच्यापासून ती माती झाली त्या काळ्या पाषाणाचे बारीक तुकडेही तिच्याबरोबर उडतात. असा सगळा मसाला बॉनेटवर पसरलेला, आणि त्यावर तुमची कोरडी दस्ती, वर तुमच्या हाताचा भार. तो हात भट्टीवर कमावलेला आहे, तात्या. माझ्या गाडीवर तो वाया घालवू नका.

पटत नसेल तर घरात काकूंना विचारा, लग्नानंतर पितळेचा तांब्या त्या कशानं घासायच्या. राखेनं. का? कारण राख घासते. काकूंना तांब्या घासायचा होता, म्हणून त्यांनी राख घेतली. तुम्हाला गाडी पुसायची असते, आणि तुम्हीही राखच घेता.

आता घासलं जातं ते काय, तेही ऐका. कारखान्यातून येताना गाडीवर रंगाचे तीन-चार थर असतात, सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. सगळ्यात वरचा बिनरंगाचा थर, ज्याला पॉलिशवाले ‘क्लिअर कोट’ म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० च्या आसपास भरतो. तुमच्या डोक्यावर जे चार शिल्लक आहेत, त्यातल्या कुठल्याही एकापेक्षा तो थर पातळ आहे. पॉलिश करायचं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तोच थर आणखी पातळ करायचा. मी परळीला एकाकडे गाडी नेली. त्यानं रंगावर एक यंत्र टेकवलं, आकडा पाहिला, आणि म्हणाला, ‘सर, एकदा होईल, दुसऱ्यांदाही होईल. तिसऱ्यांदा रंगच मारावा लागेल. कोण पुसतं?’ मी तुमचं नाव सांगितलं नाही. शेजारधर्म.

मागे तुम्ही एक वकिली मुद्दा काढला होता. ‘मी तर सरळ पुसतो, मग हे गोल गोल चरे माझे कसे?’ मुद्दा झकास होता, मी निरुत्तर झालो. आता उत्तर सापडलंय. रोज थोडं थोडं वेगळ्या दिशेनं सरळ पुसलं की चरे सगळ्या दिशांना होतात, पण सूर्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात ते फक्त उजेडाला आडवे पडलेले. त्यामुळे उन्हाच्या तिरिपेभोवती कडी दिसतात. दोन पावलं सरका, कडीही तुमच्याबरोबर सरकतात. म्हणून गोल दिसले तरी पुरावा सरळ तुमच्याकडेच येतो. तरीही सरळ पुसण्याचं श्रेय तुमचं तुम्हाला. गोल हात फिरवला असतात तर हेच जाळं पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

‘मग रोज धुवावी का?’ हे तुम्ही विचारणार. बीड जिल्ह्यात हा प्रश्न विचारायलाही धाडस लागतं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. अशा मुलखात गुरुजी रोज पाइप लावून गाडी धुतो असं दिसलं, तर गाडीआधी गुरुजीच धुतला जाईल. तेव्हा दोन धुण्यांच्या मध्ये काय करायचं, एवढाच आपला विषय.

पहिला उपाय तुम्हाला अजिबात आवडणार नाही : काहीच करायचं नाही. धूळ असू द्यायची. पुढची काच, आरसे, दिवे साफ असले की गाडी चालते. धुळीनं गाडीचा वेग कमी होत नाही, शेजाऱ्यांचा रक्तदाब तेवढा वाढतो.

तेवढं सोसवत नसेल, तर शेतातला पाठीवरचा बॅटरीचा फवारा पंप आठवा. सोळा लिटरचा. त्यात पाच-सहा लिटर साधं पाणी, बारीक फवारा, सावलीत, गाडी थंड असताना. आधी टपावर, मग खाली, वरून खाली ओघळ येऊ द्यायचा, हात लावायचा नाही. बरीचशी खर तेवढ्यानंच उतरते. गाडी अजून ओली असताना चांगलं जाड मायक्रोफायबरचं फडकं घ्यायचं, चार घड्या करून. टपाचा एक पट्टा पुसला की नवी घडी, सरळ रेषेत, फडक्याच्या वजनानंच. घड्या संपल्या की फडकं बदलायचं. जमिनीवर पडलं तर ते फडकं त्या दिवसापुरतं मेलं, मग चाकांना वापरा. बाजारात याचसाठी फवारायचं औषध मिळतं, ते खर भिजवून वर उचलतं आणि फडक्याला सरकायला जागा देतं. धूळ हलकी असेल तर तेही चालतं. चिखल असेल तर नाही. आणि पंप नवा घ्या, तात्या. तुमच्या त्या जुन्या पंपात तणनाशक होतं. माझ्या गाडीवर तण नाही.

सूत गिरणीतला झुबका वाटावा असा मेण लावलेला मोठा ब्रशही मिळतो. त्याचे कापसाचे दोरे धूळ धरून ठेवतात. नवा असताना एक-दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रावर निथळत ठेवायचा, नाहीतर मेणाचे पट्टे उमटतात. मग तो नुसता अंगावरून ओढायचा, दाबायचा नाही, आणि प्रत्येक फेरीनंतर झटकायचा. तुमच्या झटकण्याच्या कौशल्याला इथं खरा वाव आहे. पण तोही पातळ धुळीपुरताच. जिथं बोट फिरवलं की ठसठशीत रेघ दिसते, तिथं तोही नको, पाणीच.

बोटाचा विषय निघालाच. आपल्या गल्लीतली पोरं डिक्कीवर ‘धुवा मला’ लिहून जातात, ते लिहिणारे माझेच विद्यार्थी आहेत, अक्षरावरून ओळखतो. शुद्धलेखन बरोबर असतं म्हणून गप्प बसतो. तुमच्या धाकट्यानं सुचवलेलं डिझेलचं फडकंही मी नाकारलं. त्यानं गाडी तासभर चकाकते आणि नंतर सिरसाळ्याची सगळी धूळ पत्ता विचारत तिथं येते. तुम्ही आणलेलं कव्हर तर धुळीवरच घातलं होतंत. वाऱ्यानं ते रात्रभर हलत राहिलं. तुम्ही झोपलेला असतानाही तुमची सेवा चालूच होती.

आणि आता जे मी खरंच कुणाला बोललो नव्हतो ते. गेल्या दसऱ्याला मी अंघोळीला गेलो असताना तुम्ही गाडीची पूजा केलीत. हार घातलात, लिंबू-मिरची बांधलीत, चाकाखाली नारळ फोडलात. आणि भट्टीकडून आलेल्या वाऱ्यानं बॉनेटवर जी राख पसरलेली होती, तिच्यावरच ओल्या कुंकवात बोट बुडवून, चांगलं दाबून, भक्तिभावानं भलंमोठं स्वस्तिक काढलंत. डोळे पाणावले होते तुमचे. मी काय बोलणार? संध्याकाळी कुंकू धुतलं. धुतल्यावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ऊन तिरपं झालं आणि स्वस्तिक परत उगवलं. तेव्हापासून रोज चारला दर्शन देतं. चार टिंबांसकट.

पुढच्या महिन्यात दसरा आहे. तुम्हीच पूजा करायची, दुसऱ्या कुणी केलेली मला चालणार नाही. फक्त स्वस्तिक नव्यानं काढू नका. चार वाजता या, जुनं दिसेल. त्याच्यावरच हळद-कुंकू वाहा.

आपला,
शेजारचा गुरुजी

ता. क. सोबत नवं मायक्रोफायबरचं फडकं पाठवलंय. ते खांद्यावर टाकू नये, ही विनंती.