अनुकंपा तत्त्वावर गँगमन

वडिलोपार्जित मॉडेल रेल्वे कागदोपत्री जंगम मालमत्तेत मोडते. आठ बाय चारच्या प्लायवूडवर ठोकलेले रूळ, दोन स्टेशनं, एक बोगदा आणि रंगवलेल्या भुशाची हिरवळ, एवढा ऐवज मृत्युपत्रात कपाटं आणि खुर्च्यांच्या आसपास कुठेतरी येतो. प्रत्यक्षात त्याच्याइतकी स्थावर गोष्ट घरात दुसरी नसते. आजोबांनी लेआउट माळ्यावर बसून माळ्यावरच बांधलेला असतो आणि माळ्याचं दार त्याहून लहान असतं. गाडी दिवसभर धावते, पण खोलीबाहेर जात नाही.

हा वारसा ब्रिटनमध्ये विशेष आढळतो आणि त्यातही हॉर्नबी डब्लोचा मान मोठा. मेकॅनो बनवणाऱ्या लिव्हरपूलच्या कारखान्याने 1938 साली ही छोटी गाडी बाजारात आणली. तिच्याआधीच्या हॉर्नबी गाड्या आकाराने एवढ्या मोठ्या होत्या, की त्या मांडायच्या तर दिवाणखाना रिकामा करावा लागे. डब्लो मात्र जेवणाच्या टेबलावर मावायची. पहिल्या इंजिनांत ‘सर नायजेल ग्रेस्ली’ होतं. हे ज्या अभियंत्याचं नाव, तो तेव्हा हयात होता आणि नोकरीवरही होता. लवकरच युद्ध आलं, कारखान्याला दुसरी कामं लागली आणि गाड्यांचं उत्पादन थांबलं. त्यामुळे युद्धापूर्वीचं डब्लो ज्याच्या घरी निघतं, तो माणूस थोडा ताठ चालतो.

या गाडीत एक जन्मजात घोळ आहे. डबे आणि इंजिन खऱ्याच्या एक-शहात्तरांश, पण रूळ मात्र एक-सत्त्याऐंशी मापाचे, म्हणजे 16.5 मिलिमीटर अंतराचे. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने बारीक. त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना, म्हणून वरचं अंग मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. सदरा मोठ्या भावाचा आणि पायजमा धाकट्याचा, असं हे ध्यान. खऱ्या रुळांत 4 फूट 8½ इंच अंतर असतं. मॉडेलच्या हिशेबात ते 4 फूट 1½ इंच भरतं. हे सात इंच कुठे गेले, यावर ब्रिटनमधली सभ्य माणसं गेली कित्येक दशकं भांडत आहेत. काहींनी वैतागून रुंद रुळांचे स्वतंत्र पंथ काढले.

जुन्या डब्लोला रूळही तीन. मधला तिसरा रूळ विजेचा. खऱ्या रेल्वेत असा रूळ बहुतेक ठिकाणी नसतो, पण लहान मुलांना त्याचं काही वाटलं नाही. मोठ्यांना वाटलं. कंपनीने 1959 मध्ये दोन रुळांची पद्धत आणली आणि त्या दिवसापासून तीन रुळांचे लेआउट ‘जुने’ झाले. पाच वर्षांनी, 1964 मध्ये, कंपनीच प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेली.

वारसाचा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. वडील गेले की मुलाला या रेल्वेची मालकी मिळते, हा समज चुकीचा आहे. त्याला अनुकंपा तत्त्वावर गँगमनची नोकरी मिळते. पगार नाही, पास नाही, बदली तर नाहीच. पहिलं काम रूळ पुसण्याचं. चाकांतून वीज जाते, त्यामुळे रुळावर धुळीचा पापुद्रा बसला की इंजिन उचकी लागल्यासारखं चालतं आणि मग बसतंच. बसतं ते नेमकं बोगद्यात. बोगद्याचा डोंगर जुनी वर्तमानपत्रं खळीत भिजवून केलेला. हात कोपरापर्यंत आत घालून, गाल प्लायवूडला टेकवून इंजिन चाचपताना दिव्याच्या उजेडात डोंगराची आतली बाजू दिसते. तिथे रंग लावायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. आपण आलो कशाला हे विसरून गँगमन जुन्या काळच्या साबणाची जाहिरात वाचत राहतो आणि खालून जेवणासाठी हाका येतात.

दुखणी वयाची. मोटरमधलं चुंबक मवाळ होतं आणि इंजिनला पाच डब्यांऐवजी दोन झेपतात. त्याहून वाईट आजार जस्ताचा. त्या काळच्या ओतकामात जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं, तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. या आजारावर औषध नाही.

नोकरी नाकारणाऱ्या मुलावर एक उपाय इंग्लंडच्या रेव्हरंड पीटर डेनी या पाद्र्याने करून ठेवला आहे. त्यांचा ‘बकिंगहॅम’ लेआउट मॉडेलवाल्यांचं तीर्थक्षेत्र. तिथे कायम 1907 साल चालू असतं. तो चालवायला दुसरा माणूस लागे आणि ते काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन करी. मुलगा हाताशी नसेल तेव्हाची सोय म्हणून पाद्रीबुवांनी त्याचं काम करणारं यंत्रच बनवलं आणि नाव दिलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. मुलगा ऐकत नाही अशी तक्रार करणारे बाप जगभर आहेत. मुलाच्या जागी यंत्र नेमणारा हा एकच असावा. डेनींच्या पश्चात तो लेआउट एका जाणकार चाहत्याच्या घरी गेला.

जर्मनांचं दुखणं कमी. तिथल्या म्यर्क्लिन कंपनीने प्रत्यावर्ती विजेची आपली पद्धत फारशी बदलली नाही, त्यामुळे आजोबांच्या रुळांवर नातवाचं इंजिन बरेचदा चालून जातं. हा शहाणपणा धंद्यात मात्र कामी आला नाही. 1859 ची ही कंपनी दीडशेव्या वर्षीच, 2009 मध्ये, दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. पुढे सावरली.

पुणेकरांनी वारशाचा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी हयातभराच्या नादातून लघुरेल्वेचं आख्खं शहर उभं केलं आणि 1998 पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना खुलं झालं. घरच्यांनीच ते पुढे सांभाळलं. माळ्यावरच्या रेल्वेला तिकीट लावणं हा या विषयातला सर्वात व्यवहारी विचार म्हणावा लागेल. गँगमनला निदान प्रेक्षक तरी मिळतात.

विकायला काढणाऱ्यांची निराशा ठरलेली. लिलावात संपूर्ण लेआउटला सहसा कुणी विचारत नाही. इंजिनं सुटी विकली जातात, प्लायवूड भंगारात जातं. भाव खातो तो खोका. मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातलं इंजिन आणि बिनखोक्याचं तेच इंजिन यांच्या किमतीत मोठी तफावत असते, आणि खोका आजीने फार पूर्वी बंबात घातलेला असतो.

तरीही ज्याच्या वाट्याला ही नोकरी येईल, त्याने हौसेच्या भरात ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या प्लगला लावू नये. जुन्या वायरीचं रबर आतल्या आत विरलेलं असतं. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावं, मग बोगद्यात हात घालावा.