आण इकडं

संकष्टीला रांजणगावात एक रांग महागणपतीच्या दर्शनाची असते आणि दुसरी हार-पेढ्यांच्या दुकानापुढची. दुसरी अडली की गर्दीतून एक हात पुढं येतो. “आण इकडं.”

हे स्टोअरदादा. नोकरी एमआयडीसीत, स्टोअर खात्यात. सुट्टीचा मुक्काम दुकानाच्या पायरीवर. पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन होईना आणि पुण्याचं गिऱ्हाईक फोन हलवून हलवून घामाघूम झालं, की त्यांना बोलवावं लागत नाही.

फोन ताब्यात घेताना विचारायची पद्धत नाही. आधी सदऱ्याच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसायची. बरीचशी दुखणी इथंच बरी होतात, कारण काचेवर ताज्या भज्यांचं तेल असतं. मग फोन वीतभर मागं. “नाकाला लावून दिसंल का त्याला?” गिऱ्हाइकानं टॉर्च लावला तर दादा भडकतात. “लॅमिनेशन चमकतंय, बंद कर!” मग कोडाची पाटी तिरकी धरायला दुकानदार, सावली धरायला गिऱ्हाइकाची बायको. वीस रुपयांच्या दुर्वांसाठी चार माणसं कामाला लागतात.

खरं वैर मात्र त्यांचं झेंडूशी. दसऱ्याला दुकानदार गल्ल्यासोबत क्यूआरचीही पूजा करतो, हळदकुंकू लावतो, माळ घालतो. माळ नेमकी कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर. “ते तीन चौकोन म्हणजे त्याचे डोळे. ते बघूनच फोनला कळतं, कोड कुठंय आन् सुलटा कसा. कुंकू मधी लाव की! मधलं थोडं झाकलं तरी भागतं.” खोटं नाही. कोडात दुरुस्तीची सोय असते. सगळ्यात वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के मजकूर खराब झाला तरी उरलेल्यावरून तो जुळवता येतो. कडेची कोरी पांढरी पट्टीही लागते, आणि दुकानदार नेमका तिच्यावरच ‘उधार बंद’ चिकटवतो.

एवढा अधिकार कुठून आला? १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी हा कोड काढला तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. दादांचा जन्म खोक्यांवरचे कोड टिपण्यात गेलेला. म्हणून हारासाहेब भावकीतले. “यूपीआय आत्ता २०१६चं. आमचं खातं जुनं.”

रेंज गेली तर मात्र दादांचं शास्त्र संपतं, पण ते कबूल करत नाहीत. गोल चक्र फिरत असताना पुन्हा काच पुसतात, पाटी फुंकतात, शेवटी दुकानदाराकडं बघून “पाटी बदल” असा निकाल देतात. तेवढ्यात रेंज परत येते आणि गल्ल्यावरचा डबा पैसे मिळाल्याचं खणखणीत आवाजात सांगतो.

“असू दे, असू दे,” दादा डब्याला म्हणतात.