72 लाखांचं गिऱ्हाईक

प्रत्येक सोसायटीत एक घर कायम विकायला काढलेलं असतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ते अण्णांचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, साडेसहाशे चौरस फूट. त्यात बाल्कनी धरायची की नाही, यावर अण्णांचं आणि एजंटचं अजून एकमत नाही.

2014 च्या दिवाळीनंतर अण्णांकडे 72 लाखांचं गिऱ्हाईक आलं होतं. विसाराचा चेक खिशात घेऊन आलं होतं. अण्णा म्हणाले, "थोडं थांबू." ते थांबणं आजतागायत चालू आहे.

8 नोव्हेंबर 2016 ला मोठ्या नोटा बंद झाल्या आणि मोठी गिऱ्हाइकंही. पुढच्या वर्षी महारेरा आला. गिऱ्हाईक शोधता शोधता बिल्डर लोक फुकट मॉड्युलर किचन देऊ लागले. अण्णांनी कांदेपोह्यांवरच भिस्त ठेवली. 60 ची ऑफर आली, मग 56 ची. दर वेळी अण्णा सहानुभूतीने त्या माणसाकडे बघत आणि म्हणत, "72 ला नाही म्हटलंय मी."

गंमत अशी, की घराचा भाव जसजसा उतरला तसतशी ती जुनी ऑफर चढत गेली. नोटबंदीनंतर 72 ची 75 झाली. टाळेबंदीत गच्चीवर फेऱ्या मारताना अण्णांनी मला ती 80 सांगितली. मंदीच्या त्या साऱ्या वर्षांत पुण्यात इतका बिनधोक परतावा कुठल्याही प्लॉटने दिला नसेल.

घर दाखवण्याची त्यांची एक पद्धत आहे. आधी चपला बाहेर, मग दोन्ही वेळ येणाऱ्या पाण्याचं कौतुक, मग स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांवर रंग देणार नाही, असं गिऱ्हाइकाकडून आधीच वदवून घेतात. हॉलमधल्या ओलीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात ओल सरकली, तेव्हा शेजारी बँकेचं कॅलेंडर आलं. "दोन-दोन कॅलेंडरं?" असं एका बाईंनी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "तारीख पक्की असलेली बरी."

2020 च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवलं. लोक मास्क लावून दस्तनोंदणीच्या रांगेत उभे राहिले. "आत्ता विकून टाका," असं एजंट विनवत होता. अण्णा म्हणाले, "सवलत गिऱ्हाइकाला आहे. मला काय?" मग त्यांनी कायदा काढला: रेडी रेकनरपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक खाली विकलं, तर आयकर खातं रेकनरचाच भाव धरून कर लावतं. "म्हणजे स्वस्तात विकू नका, असं सरकारच सांगतंय!"

"पण अण्णा, आपण रेकनरच्या दीडपट मागतोय."

"मग? नियमात बसतोय ना!"

एजंट पोहे न खाता उठला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

6 मार्च 2022 ला वनाझहून मेट्रो सुटली आणि बाजार हलला. महिन्याभरात एक तरुण जोडपं आलं. त्यांना पाणी आवडलं, ओटा आवडला, चौकटीवरच्या खुणाही आवडल्या. कॅलेंडरांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तो मुलगा म्हणाला, "काका, 72 देतो."

खोलीत शांतता पसरली. अण्णांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. साडेसात वर्षं उराशी धरलेला आकडा जिना चढून घरी आला होता.

तेवढ्यात काकू वीजबिलाच्या पाठीवर काहीतरी मांडून बाहेर आल्या. "तेव्हाच घेऊन 7 टक्क्यांनी बँकेत ठेवले असते, तर आज 1 कोटी 20 लाख झाले असते," त्यांनी आकडा वाचून दाखवला आणि पोह्यांच्या बश्या ठेवल्या.

अण्णांनी बिल हातात घेतलं, चष्मा लावला, हिशेब दोनदा तपासला. हिशेब बरोबर होता. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि जोडप्याला म्हणाले, "बघा, घरातली माणसंच सव्वा कोटी म्हणताहेत. थोडं थांबू."

घर अजून विकायला आहे. साडेसहाशे चौरस फूट, बाल्कनी धरून.