धूर चंद्रपूरला, उजेड लांज्यात

कोळशाइतकं स्वच्छ इंधन जगात दुसरं नाही, हे लांज्यात राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या तालुक्यात कोळशाची खाण नाही, चिमणी नाही, राखेचा तलाव नाही. बटण दाबलं की दिवा लागतो आणि दिव्यातून धूर येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरची धूळ सोडली तर आमच्या हवेला नाव ठेवायला जागा नाही, आणि ती धूळ विजेची नव्हे, चौपदरीकरणाची. तिचं खातं वेगळं. असं असताना काही मंडळी आम्हाला कोळशाकडून सूर्याकडे नेण्यासाठी जनमत तयार करायला निघाली आहेत. त्यांच्या उत्साहाचं कौतुकच आहे. पण आमचं जनमत किती आधीपासून तयार आहे आणि किती विचार करून तयार झालेलं आहे, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. ते काम आम्ही आनंदानं पत्करतो.

आधी हिशेब. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज काढायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. महिन्याला ६० युनिट वापरणारं घर घ्या. ती सगळी वीज कोळशाची धरली, तर त्या घरापायी कुठेतरी ४२ किलो कोळसा जळतो आणि पंधराएक किलो राख मागे उरते. आता व्यवस्थेचं शहाणपण पाहा. बिल घरपोच येतं, राख येत नाही. समजा बिलासोबत राखेचं पोतंही दारात टाकायची पद्धत असती, तर पहिल्या महिन्यात घरच्या बायकांनी ती भांडी घासायला ठेवून घेतली असती, दुसऱ्या महिन्यात नारळाच्या आळ्यात ओतली असती आणि तिसऱ्या महिन्यात तहसील कचेरीवर मोर्चा गेला असता. तालुक्यातला एकूणएक माणूस अपारंपरिक ऊर्जेचा कट्टर समर्थक झाला असता, तेही एकही पत्रक न वाटता.

तशी वेळ आमच्यावर येऊ नये म्हणून चंद्रपूर आहे. २,९२० मेगावॉटचं महानिर्मितीचं हे सर्वांत मोठं केंद्र इथून सरळ रेषेत मोजलं तरी सहा-सातशे किलोमीटर लांब. पुलाच्या बांधकामात दोन टोकांमधलं अंतर कमी ठेवतात. विजेच्या व्यवहारात ते वाढवायचं असतं, हे ज्याला सुचलं त्याला आमचा नमस्कार. चंद्रपूरकर खाणी सांभाळतात, राख सांभाळतात, वर उन्हाळा सांभाळतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तीत चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होतं. लांजा त्या यादीत शोधूनही सापडलं नसतं. कोळसा आम्हालाच मानवतो, त्यांना नाही, याला आणखी कुठला पुरावा हवा?

चंद्रपूर फारच लांब वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यात जयगड आहे. ३०० मेगावॉटचे चार संच, २०१०-११ मध्ये सुरू झालेले, बोटीनं आलेल्या परदेशी कोळशावर चालणारे. त्यातल्या एका संचाची वीज महावितरणसाठी. प्रकल्प यायच्या वेळी हापूसचं काय होणार म्हणून बागायतदार कोर्टात गेले होते. प्रकल्प आला. तेव्हापासून मोहोर गळला की कारणांच्या जुन्या यादीत, म्हणजे थंडी, अवकाळी, तुडतुडे, थ्रिप्स यांच्या खाली, चिमणीचंही नाव घेता येतं. बागायतदाराला एक कारण वाढवून मिळालं, ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ती चिमणी लांज्यातून दिसत नाही. मधे डोंगर आहेत. देवानं कोकणात इतके डोंगर का घातले असावेत, याचा उलगडा आता होऊ लागला आहे.

आता जनमताविषयी. या कामाचा कोकणाइतका अनुभव देशात क्वचितच कुणाला असेल, आणि तो सगळा सरकारनं स्वखर्चानं दिलेला. आमची पद्धत ठरलेली आहे: आधी निर्णय, मग भूसंपादन, मग पोलीस, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरल्यास, जनसुनावणी. गुहागरच्या एन्रॉनचा करार १९९२ मध्ये सुरू झाला. समुद्रात बुडवू म्हणणारं सरकार निवडून आलं, १९९५ मध्ये त्यानं तो रद्द केला, १९९६ मध्ये त्यालाच तो पुन्हा पसंत पडला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद. नऊ वर्षांत एका प्रकल्पाच्या बाजूनं आणि विरोधात दोन्ही जनमतं तयार करून दाखवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पुढे जैतापूर. ९,९०० मेगावॉटची अणुऊर्जा, २०११ च्या एप्रिलमध्ये साखरीनाट्याला गोळीबार, एकाचा जीव गेला. वीज अजून यायची आहे. पुढे नाणारची रिफायनरी, मग नाणारचं बारसू. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचे नमुने काढायला पोलिसांचा एवढा ताफा होता की मातीला आपण कोणी मोठी असामी असल्यासारखं वाटलं असेल.

या तालमीत तयार झालेल्या माणसापुढे सूर्य आणून उभा केला की त्याला पहिली शंका येते ती ही: याच्यात काहीतरी गोम असणार. भूसंपादन नाही, लाठीमार नाही, मंत्री हेलिकॉप्टरनं आले नाहीत. ज्या प्रकल्पाला संघर्ष समिती नाही आणि तिची मुंबई शाखा नाही, तो प्रकल्प गावाला आपला वाटत नाही. सूर्य रोज सकाळी कुणाची परवानगी न घेता येतो हे खरं, पण तसे प्रकल्पही येत असल्यामुळे त्याचं विशेष वाटत नाही.

तरी सरकारनं प्रयत्न सोडलेला नाही. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत छपरावर एक किलोवॉटचं पॅनेल बसवलं तर ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज मोफत. योजना उत्तम आहे. ज्या घरासाठी ती आखली, त्या घराचा पत्ता तेवढा वाडीत लागत नाही. आमच्या वाडीतल्या घरात दोन माणसं असतात, दोघांचं वय मिळून दीडशे. त्यांना ३०० युनिट संपवायचे तर आजीनं दोन एसी लावून चुलीपाशी बसायला हवं आणि आजोबांनी भजनाचा स्पीकर रात्रभर चालू ठेवायला हवा. अशा एका आजोबांना माहिती द्यायला आलेल्या तरुणानं अनुदानाचा आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला. आजोबांनी शांतपणे विचारलं, “आनि वरचे लाखभर कोन देनार? तू?” तरुणानं कर्जाची सोय समजावली. आजोबा म्हणाले, “बिल येतंय तीन-चारशे. हप्ता केवड्याचा?” जनजागृती तिथेच झाली. कुणाची, ते सांगायला नको.

आणि उरलेली घरं कुलूपबंद. मालक मुंबईला, नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंत. तो शिमग्याला येतो, गणपतीत येतो आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात येतो. त्याच्या छपरावरचं पॅनेल मात्र वर्षभर इमानानं वीज करत राहील आणि ती युनिटं खात्यात साठत जातील. पण हा साठा आर्थिक वर्षाबरोबर, म्हणजे ३१ मार्चला, मिटवून टाकतात. शिल्लक वीज ठरलेल्या दरानं विकत घेतली जाते आणि खातं नव्यानं सुरू होतं. मालक पंखे लावायला येतो मे महिन्यात. नियम करणाऱ्याला कोकणातल्या सुट्ट्या माहीत नव्हत्या असं आम्ही म्हणणार नाही. माहीत असूनच त्यानं हे साधलं असेल तर तो आमच्यातलाच कुणीतरी असावा.

छपराचाही मान ठेवायला हवा. कौलारू घरावर पॅनेल ठेवायचं तर आधी लोखंडी सांगाडा उभारावा लागतो. ज्यांनी कौलं काढून स्लॅब टाकला, त्यांनी तो गळू नये म्हणून वर पत्र्याची शेड केली. आता त्या पत्र्यावर पॅनेल, आणि पॅनेलवर माकडं. फणस-काजूच्या दिवसांत एक टोळी छपरावरून गेली की किती कौलं फुटतात हे ज्यानं पाहिलंय, तो काच लावलेली महागडी वस्तू तिथे ठेवताना दहादा विचार करतो. योजनेच्या माहितीपत्रकात ढग आहेत, सूर्य आहे, हसणारं चौकोनी कुटुंब आहे, माकड नाही. गच्चीवर माकड न येणाऱ्या कुठल्या तरी शहरात ते छापलेलं असावं.

पण या योजनेतली सगळ्यात मनोहर गोष्ट वेगळीच आहे. ग्रिडला जोडलेलं साधं पॅनेल, जवळ बॅटरी नसेल तर, लाईट गेल्याबरोबर आपणही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा झटका बसू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की भर दुपारी डोक्यावर ऊन, छपरावर दीड-दोन लाखांचं यंत्र आणि खाली घरात पंखा थांबलेला. निसर्ग वादळात, २०२० मध्ये, दापोली-मंडणगडची गावं कित्येक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी तौक्तेनं किनारा झोडपला. त्या अनुभवातून शहाणे होऊन लोकांनी दुकानात जाऊन काय मागितलं? इन्व्हर्टर. म्हणजे कोळशाची वीज आली की ती डब्यात भरून ठेवायची आणि वादळात वापरायची. कोळशावरची निष्ठा याहून कशी सिद्ध करावी?

छप्पर नाही तर सडा घ्या, असं यावर कुणी म्हणेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पाला भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. सरकारी कागदावर सडा पडीक असतो. त्यावर पावसाळ्यात फुलं येतात, गवत होतं, गुरं चरतात आणि अधूनमधून एखादं कातळशिल्प निघतं, जे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहे. पण कागद पावसाळ्यात बाहेर काढत नसल्यामुळे त्याला हे कळत नाही. तेही राहू द्या. अडचण सातबाऱ्याची आहे. आमचा सातबारा म्हणजे आजोबांच्या आजोबांपासूनची नावं. समजा एका हेक्टरवर चाळीस हिस्सेदार आहेत. सव्वा लाख भागिले चाळीस, म्हणजे माणशी तीन हजार एकशे पंचवीस. सही करायला बोरिवलीहून बायको-मुलांसह यायचं आणि परत जायचं, तर एवढे तिकिटाला आणि वाटेतल्या वडापावला जातात. शिवाय चाळिसातले तिघे एकमेकांशी बोलत नाहीत, एक कुवेतला आहे, आणि एकाची सही ज्या बांधाच्या वादावर अडली आहे तो बांध या जमिनीतला नाहीच.

इथे कुणीतरी भोळेपणानं सुचवतं की बाहेरच्या कंपनीला जमीन आणि वाडीला भाडं, असं करण्यापेक्षा वाडीचीच सोसायटी करावी, प्रकल्पात प्रत्येक घराचा हिस्सा ठेवावा, वीज आणि पैसा दोन्ही गावात राहील. ही सूचना किती घातक आहे पाहा. कोकणी माणसाला ऊर्जा संक्रमण कळत नाही, कार्बन कळत नाही, पण हिस्सा कळतो. हिश्श्यासाठी तो तीन पिढ्या दिवाणी कोर्टात काढतो. त्याला एकदा हिस्सा दिला की तो पॅनेल पुसायला स्वतः जाईल, माकडांना स्वतः हाकेल, मीटर रोज वाचेल आणि शेजारच्या वाडीला पाच युनिट जास्त का गेले म्हणून ग्रामसभा उठवील. मग जनमत तयार करणाऱ्यांनी करायचं काय? त्यांचे रथ, त्यांच्या शपथा, सभागृहातल्या त्यांच्या कार्यशाळा यांचं काय? चार माणसांच्या रोजगाराचा विचार न करता सूचना करू नयेत.

नाही म्हणायला डोंगरापलीकडे असं काही घडलं आहे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. कोयना धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात. जिथे १,९६० मेगावॉटच्या प्रकल्पाचं पाणी अडवलं आहे, तिथल्या माणसांनी छपरावर पॅनेल ठेवावं, याला आम्ही उतावळेपणा म्हणू. आमचा संयम बघा. देशातल्या अगदी पहिल्या पवनचक्क्या १९८६ मध्ये ज्या किनाऱ्यांवर लागल्या, त्यात आमचा कोकण किनाराही होता. त्या गोष्टीला चाळीसएक वर्षं होत आली. देवगडच्या पवनचक्क्यांपुढे उभं राहून लोकांनी फोटो काढले, आणि तेवढ्यावर भागवलं.

तरीही जनजागृती मेळावा लांज्यात घ्यायचाच असेल तर आमची हरकत नाही. तो जुलैत घ्यावा. मे महिन्यात आंबे असतात, कुणाला वेळ नसतो. जुलैत लाईट जाईल, तेव्हा जनरेटर आणावा, डिझेलचं बघून घेऊ. वडीलधाऱ्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होईल, सौर कंदील बक्षीस म्हणून वाटले जातील आणि ते चार्ज करायचे कुठे म्हणून लोक प्लग शोधतील. शेवटी सडा सौर प्रकल्पाला देण्याचा ठराव मांडावा. तो टाळ्यांच्या गजरात, सर्वानुमते मंजूर होईल, याची खात्री आम्ही आत्ताच देतो. सह्यांचं तेवढं गणपतीत बघू, सगळे येतात तेव्हा.