फुटलेल्या तिजोरीच्या मालकांस जाहीर आभारपत्र

प्रति,
संचालक मंडळ, इक्विफॅक्स,
अटलांटा, जॉर्जिया राज्य, अमेरिका.

विषय : ग्राहकहक्कांचे सोदाहरण शिक्षण दिल्याबद्दल आभार.
संदर्भ : संस्थेचे दिनांक ७ सप्टेंबर २०१७ रोजीचे जाहीर निवेदन.

महोदय,

संदर्भाधीन निवेदनाद्वारे संस्थेने सुमारे १४ कोटी ३० लाख अमेरिकी नागरिकांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक परक्या हाती गेल्याचे कळवले, आणि पुढे मोजदाद करता करता हा आकडा १४ कोटी ७० लाखांच्या पुढे नेला, त्याबद्दल तिचे आभार मानणे हे या पत्राचे प्रयोजन आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक म्हणजे अमेरिकेत नोकरी, कर, कर्ज आणि निवृत्तिवेतन या सर्वांच्या मुळाशी असलेला नऊ आकडी क्रमांक. तो सहसा बदलून मिळत नाही, आणि जन्मतारीख तर मुळीच बदलून मिळत नाही. अशी आयुष्यभर टिकणारी वस्तू एका झटक्यात देशाच्या जवळजवळ निम्म्या लोकसंख्येच्या ताब्यातून जाऊ शकते, हे ज्ञान त्या दिवसापर्यंत तज्ज्ञांपुरते मर्यादित होते. ते घरोघर पोहोचवण्याचे श्रेय संस्थेकडेच जाते.

आभार मानणाऱ्यांचे संस्थेशी नाते काय, हा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागतो. मराठीत 'ग्राहक' हा शब्द 'ग्रह्' म्हणजे घेणे या धातूपासून आला असून त्याचा अर्थ घेणारा असा होतो. परंतु पतमाहितीच्या व्यवसायात ज्याची नोंद ठेवली जाते तो काहीच घेत नाही, त्याच्याकडून घेतले जाते आणि ते बँका, विमा कंपन्या, घरमालक व नोकरी देणारे यांना विकले जाते. पतमाहिती संस्था म्हणजे कोणी किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की थकवले, याच्या नोंदी धनकोंकडून गोळा करून त्यांचे अहवाल पुन्हा धनकोंनाच पुरवणारी कंपनी; भारतात एका कंपनीचे नाव साऱ्या व्यवसायाला चिकटल्यामुळे लोक या प्रकाराला सरसकट 'सिबिल' म्हणतात. तेव्हा येथील खरा ग्राहक बँक आहे, आणि ज्याला कायदा सौजन्याने ग्राहक म्हणतो तो दुकानातील माल आहे. मालाला हक्क असतात का, हा न्यायशास्त्रातला सुंदर प्रश्न संस्थेने ऐरणीवर आणला.

संस्थेची परंपराही या संदर्भात आठवण्याजोगी आहे. १८९९ साली अटलांटात वुलफोर्ड बंधूंनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली तेव्हा गावातील गिऱ्हाइकांची यादी करून प्रत्येकाच्या नावापुढे वेळेवर देणारा, रेंगाळणारा, रोखीनेच व्यवहार करावा असा, यांपैकी योग्य तो शेरा मारून ती यादी दुकानदारांना विकली जात असे. १९७० साली पतअहवालांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला आणि १९७५ साली कंपनीने आजचे नाव धारण केले. कंपनी निघण्याच्या चोवीस वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून जाळले होते, आणि त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळाला पैसे भरल्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा अधिकार दिला. त्या कुळाला निदान आपला सावकार कोण, त्याचा वाडा कुठे आणि चोपडी कोणत्या फडताळात, एवढे ठाऊक होते. इक्विफॅक्सच्या चोपडीतील बहुसंख्य कुळांना अशी चोपडी आहे हेच ती चोरीला गेल्यावर कळले.

चोरी कशी झाली याचा तपशील येथे थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण हक्कांचे खरे शिक्षण त्याच तपशिलात दडले आहे. 'अपाची स्ट्रट्स' या संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत एक भगदाड असल्याचे ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाले, त्यावरचे ठिगळ, म्हणजे ज्याला संगणकाच्या व्यवहारात 'पॅच' म्हणतात ते, त्याच दिवशी उपलब्ध झाले, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने संस्थेला सावधही केले. ठिगळ लावायचे राहून गेले. १३ मेपासून ७६ दिवस घुसखोर आत होते, आणि आतून बाहेर जाणारी माहिती तपासणारे यंत्र तेवढा काळ आंधळे होते, कारण त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. २९ जुलै रोजी ते प्रमाणपत्र नवे केले, यंत्राला दिसू लागले आणि त्याने पहिली गोष्ट पाहिली ती चोर. ज्या दारातून चोर आत शिरले ते दार कोणते होते? ज्या संकेतस्थळावर नागरिकाने आपल्या नोंदीतील चूक दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी, ते तक्रारींचे दालन. कायद्याने दिलेला दुरुस्तीचा हक्क जेथे बजावायचा, तीच खिडकी उघडी राहिली होती, आणि ज्या सुमारे १ लाख ८२ हजार जणांनी हा हक्क बजावताना पुराव्यादाखल कागदपत्रे जोडली होती, त्यांची ती कागदपत्रेही इतर ऐवजाबरोबर गेली. जे हक्काच्या फंदात पडले नाहीत, त्यांचे त्या मानाने कमी गेले.

शोध लागल्यापासून निवेदन येईपर्यंत ४० दिवस गेले. या काळात संस्थेने एक खास संकेतस्थळ उभारले. तेथे नागरिकाने आपले आडनाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे भरायचे, म्हणजे त्याची माहिती चोरीला गेली असावी की नाही हे त्याला कळेल, अशी सोय होती. नऊ आकडे ज्या संस्थेकडून गेले तिलाच त्यांतले सहा पुन्हा द्यायचे, ही विश्वासाची परीक्षा होती. या संकेतस्थळाचे नाव इतके सुटसुटीत होते की त्यातील शब्दांची अदलाबदल करून एका सुरक्षातज्ज्ञाने लोकांना सावध करण्यासाठी उभारलेल्या नकली स्थळाचा पत्ता संस्थेच्याच अधिकृत ट्विटर खात्याने एकाहून अधिक वेळा लोकांना दिला. वर्षभर मोफत पतनिरीक्षणाची, म्हणजे आपल्या नावावर कोणी नवे कर्ज काढले तर सूचना देण्याची, सेवाही देऊ करण्यात आली, आणि तिच्या अटींमध्ये लवादाचे कलम होते. अशा कलमाने वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे जातो आणि एकाच प्रकारे नुकसान झालेल्या सर्वांनी मिळून करायचा सामूहिक दावा बंद होतो. ज्याला प्रत्येकी थोड्या रकमेसाठी एकट्याने झगडावे लागते तो झगडत नाही, हे त्यामागचे गणित. ओरड झाल्यावर संस्थेने ते कलम काढून घेतले. तथापि अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने वित्तीय करारांतील अशा कलमांना लगाम घालणारा जो नियम त्याच वर्षी केला होता, तो चोरी जाहीर झाल्यापासून सात आठवड्यांच्या आत, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, सिनेटने ५१ विरुद्ध ५० मतांनी रद्द ठरवला आणि निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षांनी दिले. आवळा परत केला, कोहळा काढला.

सावध नागरिकांना तज्ज्ञांनी आपली पतनोंद गोठवण्याचा सल्ला दिला. गोठवणे म्हणजे मालकाने उघडल्याशिवाय ती नोंद कोणत्याही नव्या धनकोला दिसू न देणे, जेणेकरून चोराला दुसऱ्याच्या नावाने कर्ज मिळू नये. या कुलपासाठी प्रत्येक पतमाहिती संस्थेकडे वेगळे शुल्क भरण्याची प्रथा होती, आणि इक्विफॅक्सने आपले शुल्क तात्पुरते माफ केले तरी या व्यवसायातील इतर दोन मोठ्या संस्था ते आकारतच राहिल्या. कुलपाची किल्ली म्हणून संस्था जो गुप्त क्रमांक देत होती, तो नोंद गोठवल्याची तारीख आणि वेळ यांवरून बनवलेला होता. ही गोष्ट उघड झाल्यावर पद्धत बदलण्यात आली. जे लोक घाबरून 'लाइफलॉक' या दुसऱ्या कंपनीच्या संरक्षणाकडे धावले, त्यांच्यासाठी त्या कंपनीला पतनिरीक्षण पुरवणारी संस्था इक्विफॅक्सच होती, याकडे एका सिनेट सदस्येने सुनावणीत लक्ष वेधले. मे २०१८ मध्ये झालेल्या कायद्याने त्याच वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून गोठवणे देशभर मोफत केले, आणि या साऱ्या प्रकरणातून सामान्य माणसाच्या हाती आलेली ही बहुधा एकमेव खणखणीत वस्तू होय.

भरपाईचे प्रकरण मात्र अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे. जुलै २०१९ मध्ये संस्थेने केंद्रीय व राज्यांच्या यंत्रणांशी किमान ५७ कोटी ५० लाख आणि कमाल ७० कोटी डॉलरची तडजोड केली, आणि ज्याला मोफत निरीक्षण नको त्याला १२५ डॉलर रोख मिळू शकतील असे जाहीर झाले. लोकांनी १२५ ला १४ कोटी ७० लाखांनी गुणून पाहिले नाही, हा त्यांचा दोष. करारात मात्र या रोख रकमेसाठी ३ कोटी १० लाख डॉलरची मर्यादा लिहिलेली होती. त्या मर्यादेत पूर्ण १२५ डॉलर फक्त २ लाख ४८ हजार लोकांना पुरतात, आणि सर्वांनी हात पुढे केला असता तर माणशी सुमारे २१ सेंट आले असते. दहा दिवस उलटले नाहीत तोच केंद्रीय व्यापार आयोगाने लोकांना सांगितले की मागण्या अपेक्षेबाहेर आल्या असून रोख रक्कम फारच थोडी मिळेल, सबब त्यांनी मोफत निरीक्षणच निवडावे. ज्यांनी तरीही हट्ट धरला, त्यांना आपल्याकडे अशी निरीक्षणसेवा आधीपासून आहे याची खातरजमा करून द्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये वाटप सुरू झाले तेव्हा अनेकांच्या हाती मोजके डॉलर पडले, आणि हक्काची किंमत बाजारभावाने ठरवण्याचा प्रश्न एकदाचा निकाली निघाला.

चोरीच्या वेळच्या मुख्य अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना ठिगळाची सूचना पुढे न पोहोचवणाऱ्या एका व्यक्तीकडे बोट दाखवले, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या करखात्याने करदात्यांची ओळख पटवण्याचे सुमारे ७२ लाख ५० हजार डॉलरचे काम संस्थेकडे सोपवले, जे नंतर स्थगित करावे लागले. लोकांची ओळख संस्थेइतकी दूरवर कोणी पोहोचवली नव्हती, हे पाहता निवड तर्काला धरूनच होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी न्यायखात्याने चीनच्या लष्करातील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण केवळ भाषाप्रेम नव्हे. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात नव्याने उतरलेल्या मराठी अभियंत्याला घर भाड्याने घेताना पहिला धडा मिळतो तो हाच की ज्याची पतनोंद नाही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. संस्थेच्या वहीत शिरायला तो धडपडतो. दुसरे असे की २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली भारतात परवाना असलेल्या चार कंपन्यांपैकी एक इक्विफॅक्सची असून तिचे कार्यालय मुंबईत आहे. भारतीय ऋणकोलाही हक्क आहेत: वर्षातून एक सविस्तर अहवाल मोफत, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई. चुकीच्या नोंदीला दररोज १०० रुपये. बरोबर नोंद चोरीला गेली तर काय, याचे उत्तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात शोधावे लागते.

त्या कायद्यानुसार, सुरक्षेत कसूर करून माहिती गमावणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला तसे कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत, जमा होते. नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याचा जो आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ या कलमात होता, ते कलम वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. उलटपक्षी नागरिकाची काही कर्तव्ये सांगितली असून, खोटी वा क्षुल्लक तक्रार न करणे हे त्यांपैकी एक. कर्तव्यात चुकलेल्या नागरिकाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. अटलांटाच्या कुळाला निदान २१ सेंटांचा हिशेब मांडता आला. मुंबईच्या कुळाला कागदावर शून्य मिळते आणि वर सावधगिरीची सूचना. आयजीच्या जिवावर उदार होणारी बायजी या व्यवहारात कोण, हे ठरवणे संस्थेच्या कायदेशीर सल्लागारांवर सोडलेले बरे.

तेव्हा संस्थेस विनंती की, तिने पुढील प्रसंगी दिलगिरीच्या निवेदनात 'ग्राहक' हा शब्द वापरू नये, 'साठा' हा वापरावा. त्यामुळे हक्कांविषयीचे गैरसमज टळतील आणि नुकसानीचा हिशेब गोदामाच्या नोंदवहीतच करता येईल.

आपले,
१४ कोटी ७० लाख नोंदींपैकी एक

ता. क. : पत्राची पोच देण्यापूर्वी पत्रलेखकाची ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख, मागील पत्ता आणि ओळख क्रमांक लागतीलच. ते येथे पुन्हा लिहिलेले नाहीत. संस्थेची प्रत सापडत नसल्यास इतरत्र चौकशी करावी.