बुडीत परसबागेचा पंचनामा कसा करावा

हंगाम बुडाला की नवे बियाणे आणायला धावू नये. आधी पंचनामा करावा. पंच घरचे नकोत; ‘बाजारात वीस रुपयांना मिळते’ हा त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. शेजारचे निवृत्त काका घ्यावेत. त्यांना बागेचा अनुभव नसला तरी मत असते.

पहिली नोंद दुधीची. बोटभर दुधी पिवळे पडून गळाले, तर ‘दृष्ट लागली’ असे लिहून मोकळे होऊ नये. वेलाला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. देठाशी इवलासा दुधी दिसतो ती मादी. ही पांढरी फुले उमलतात संध्याकाळी, मधमाश्यांची पाळी संपत आल्यावर. म्हणून बागमालकाने चहा आटोपून नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावेत. गच्चीवरून कोणी पाहत असल्यास वेल बांधत असल्याचा अभिनय करावा.

टोमॅटोच्या बुडाला काळा डाग दिसताच काका ‘कॅल्शियम!’ म्हणतील. निदान बरोबर, उपाय अर्धवट. अंड्यांची टरफले टाकावीत, त्या निमित्ताने घरात आम्लेटही होतील. पण बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतेच, ते फळापर्यंत पोचत नाही. कारण आठवडाभर दुष्काळ आणि रविवारी महापूर असे आपले पाणीवाटप. थोडे, नियमित पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढेच करायचे असते. त्यात सांगण्यासारखे काही नसल्याने ते कोणी करत नाही.

भेंडीची पाने पिवळ्या जाळीची झाली असतील तर तो हळद्या. विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाड उपटावे, त्याला धीर देत बसू नये. उरलेल्यांसाठी 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवाराव्यात. वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. काका पंच असल्याने तक्रार करणार नाहीत.

माती तपासायला द्यायची तर नमुना नागमोडी चालत, ठिकठिकाणी वीतभर खणून घ्यावा, असे शास्त्र सांगते. आपला वाफा चटईएवढा असल्यास नागमोडी चालण्यात उरलेली मेथीही तुडवली जाईल. चार कोपरे आणि मध्य पुरे. खताच्या ढिगाजवळची माती मात्र घेऊ नये. अहवाल खोटा चांगला येतो.

टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली; यांना दरवर्षी तोच कोपरा देऊ नये. रोग पत्ता विसरत नाहीत. तिथे चवळी लावावी.

राहता राहिली कारली. वाकडी, किडकी फळे खतात टाकू नयेत. फळमाशीच्या अळ्या मातीत कोष करतात आणि माश्या होऊन परततात. फळे नष्ट करावीत, कामगंध सापळा टांगावा. फक्त या प्रकरणी मुलांचे जबाब नोंदवू नयेत. त्यांना आनंद लपवता येत नाही.